आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा दुर्लक्षित इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेच्या इतिहासावर बोलताना, वाचनगटात किंवा वर्गात, बायकांचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

लेखी पुरावाच नाही, मग इतिहास लिहायचा कशाच्या आधारावर?

पुरावा नाही हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. वसाहतवादी सरकारं कागद जपण्यात वाकबगार होती. करवसुलीचे अहवाल, कोर्टाची कामकाजं, चौकशी आयोगांपुढच्या साक्षी, मिशनऱ्यांची पत्रं, पोलिसांच्या नोंदी हे सगळं लंडन, लिस्बन, लागोस, एनुगू, नैरोबी इथल्या दफ्तरखान्यांत पडून आहे. त्यात बायका आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी त्या बोलतही आहेत. पण ज्यांनी हे कागद लावून ठेवले त्यांनी मथळे दिले ते ‘कर’, ‘दंगल’, ‘कायदा व सुव्यवस्था’ असे. त्यामुळे बाईचं नाव शोधत गेलेल्याला काही सापडत नाही आणि कराचा इतिहास वाचणारा बाईच्या नावावरून सरळ पुढे निघून जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे: यातल्या पुष्कळशा बायकांनी जे सांगायचं ते त्या वेळीच, चारचौघांत आणि मोठ्याने सांगितलं होतं. ते लिहूनही घेतलं गेलं. आता काम आहे ते पुन्हा काढून, कोण बोलतंय हे बघत वाचण्याचं.

एखादं ठोस उदाहरण द्याल का?

नायजेरियाच्या आग्नेय भागातलं १९२९ चं बायकांचं युद्ध. इंग्रजांच्या कागदांत ते ‘आबाची दंगल’ म्हणून नोंदलेलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. तिथल्या इग्बो लोकांच्या मुलखात बहुतेक ठिकाणी राजा नव्हता. गावचे निर्णय सभांमधून होत, आणि बायकांच्या सभा वेगळ्या असत. बाजाराचे नियम, भांडणतंटे, नवऱ्याने मारहाण केली तर काय करायचं, हे त्या सभांत ठरे. इंग्रजांना मात्र गावोगाव एकेक प्रमुख हवा होता. म्हणून त्यांनी सरकारी वॉरंट देऊन माणसं नेमली. त्यांना ‘वॉरंट चीफ’ म्हणत. स्थानिक कोर्टं यांच्याच हातात, वसुली यांच्याच हातात. बायकांच्या सभांना या व्यवस्थेत कुठेच जागा नव्हती. १९२८ मध्ये पुरुषांवर थेट कर बसला. त्याआधी शिरगणती झाली होती, तेव्हा ती करासाठी आहे असं लोकांना सांगितलं नव्हतं. त्यात पुढच्याच वर्षी पामतेलाचे भाव पडले. पामतेल आणि पामच्या बिया यांवर घरातल्या बाईचा हातखर्च चालायचा.

नोव्हेंबर १९२९ मध्ये बेंडे विभागातल्या ओलोको गावी पुन्हा मोजणी सुरू झाली. या वेळी बायका, मुलं, शेळ्या-मेंढ्या सगळंच मोजायचं होतं. वॉरंट चीफ ओकुगोने हे काम मार्क एमेरेउवा नावाच्या शिक्षकाला दिलं. तो ओजिमच्या वाड्यात गेला, तेव्हा न्वान्येरुवा नावाची बाई पामतेल काढत बसली होती. तुझी माणसं आणि शेळ्या-मेंढ्या मोज, असं त्याने सांगताच तिने उलट विचारलं: तुझ्या आईची मोजणी झाली का? शब्दाने शब्द वाढला आणि दोघांनी एकमेकांचा गळा धरला. ती तिथून उठली ती थेट बायकांच्या बैठकीत गेली. कराच्या अफवेवर त्यांची बैठक आधीच चालू होती.

बैठकीतून आसपासच्या गावांना पामची कोवळी पानं गेली. पान पोचलं की निघायचं, असा तो संकेत. हजारो बायका ओलोकोत जमल्या आणि ओकुगोच्या घरासमोर ठाण मांडून बसल्या. त्या भागात ही जुनी रीत होती. एखाद्या पुरुषाने हद्द ओलांडली की बायका त्याच्या दारात जमायच्या, नाचायच्या, त्याच्या कृत्यांचा पाढा वाचणारी गाणी म्हणायच्या आणि याम नावाचा कंद कुटायच्या मुसळांनी भिंती बडवायच्या. तो माफी मागेपर्यंत रात्रंदिवस हे चालायचं. ओकुगोची अधिकाराची टोपी गेली, पद गेलं आणि पुढे खटला होऊन त्याला दोन वर्षांची कैदही झाली.

ओलोकोच्या बाजूने बोलणी करायला पुढे आल्या त्या तिघी: इकोन्निया, न्वान्नेदिया आणि न्वुगो. वाद शांततेत मिटवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. लोण मात्र ओवेरी आणि कालाबार या दोन्ही प्रांतांत पसरलं. इग्बोंबरोबर इबिबिओ, अंदोनी, ओगोनी बायकाही उतरल्या. कमरेला आखूड वस्त्र, चेहऱ्याला कोळशाची काजळी, डोक्याभोवती नेच्याची पानं आणि हातात पामच्या पात्या गुंडाळलेली काठी, असा त्यांचा वेश असे. वॉरंट चीफ जिथे बसून न्याय करत ती स्थानिक कोर्टं त्यांनी मोडली, काही जाळली.

डिसेंबरच्या मध्याला उतू एतिम एक्पो आणि ओपोबो इथे सैनिकांनी गोळ्या झाडल्या. या सगळ्या प्रकरणात ५० हून जास्त बायका मारल्या गेल्या.

ओपोबोच्या दिवसाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. गोळीबारापूर्वी बायकांनी तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याकडून आपल्या मागण्या लिहून घेतल्या होत्या. बायकांवर कर बसणार नाही, खासगी मालमत्ता मोजली जाणार नाही, ही आश्वासनं त्यांना टाइप करून, सहीनिशी हवी होती. कागदाची किंमत या बायकांना पुरेपूर कळत होती. ‘निरक्षर बायकांचा जमाव’ असं वर्णन करणाऱ्यांनी ही नोंद वाचलेली नसते.

पुढे काय झालं? काही पदरात पडलं का?

या भागातल्या बायकांवर तेव्हा कर बसला नाही. वॉरंट चीफची पद्धत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मोडीत निघाली आणि स्थानिक कोर्टांची रचना बदलली. इग्बो बायकांचा अभ्यास करायला सिल्व्हिया लीथ-रॉस आणि मार्गारेट ग्रीन या दोन इंग्रज संशोधिका आल्या. बायकांच्या सभा असतात हे राज्यकर्त्यांना समजायला इतकी माणसं मरावी लागली.

या बायकांचे स्वतःचे शब्द कुठे मिळतात?

१९३० मध्ये सरन्यायाधीश डोनाल्ड किंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोगावर कितोयी अजासा आणि एरिक मूर हे दोन आफ्रिकी वकील होते, बाई मात्र एकही नव्हती. साक्षींचा जाडजूड ग्रंथ छापला गेला आणि त्यात न्वान्येरुवासह अनेक जणींच्या जबान्या आहेत.

या जबान्या वाचताना सावध राहावं लागतं. बाई इग्बोत किंवा इबिबिओत बोलते, दुभाषा इंग्रजी करतो, कारकून त्यातलं महत्त्वाचं वाटेल तेवढं उतरवतो. समोर बसलेत ते ज्या सरकारने गोळ्या झाडल्या त्याचेच लोक. त्यामुळे उत्तराइतकाच प्रश्नही वाचायचा. ‘तुम्हाला कोणी भडकवलं?’ हा प्रश्न तिथे फिरून फिरून येतो. पाठीमागे कोणी पुरुष असल्याखेरीज बायका हे करतील यावर आयोगाचा विश्वासच बसत नव्हता. नायजेरियाच्या नीना एम्बा यांच्यासारख्या इतिहासकारांनी हेच कागद १९७०-८० च्या दशकांत नव्याने वाचले, तेव्हा बायकांच्या सभांचं अख्खं जाळं त्यातून वर आलं.

तोंडी इतिहासावर विश्वास ठेवायचा का? माणसं विसरतात, वाढवून सांगतात.

विसरतात, वाढवूनही सांगतात. सरकारी अधिकारीही तेच करतो, फक्त तो लेटरहेडवर करतो. दोन्ही साधनं तपासूनच घ्यावी लागतात. एकाच घटनेबद्दल तीन गावांत काय सांगतात ते ताडून बघायचं, गाण्यातले तपशील पिकाच्या हंगामाशी, कर बसल्याच्या वर्षाशी जुळतात का ते पाहायचं.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासर, बाजार, दुष्काळ, बाबासाहेब यांबद्दल खेड्यातल्या बायकांना काय वाटत होतं हे त्या ओव्यांइतकं दुसऱ्या कुठल्याही दफ्तरात मिळत नाही.

टांझानियाच्या बीबी तीती मोहम्मद यांचं उदाहरण घ्या. जन्म १९२६, दार-एस-सलाममधला. त्या तिथल्या ‘न्गोमा’ मंडळात, म्हणजे बायकांच्या नाचगाण्याच्या मंडळात, मुख्य गायिका होत्या. १९५४ मध्ये टानू हा स्वातंत्र्यवादी पक्ष निघाला आणि बीबी तीतींनी शहरातल्या न्गोमा मंडळांमार्फत हजारो बायका पक्षात आणल्या. ज्या मंडळांना सरकार केवळ करमणूक समजत होतं त्यांच्याकडे आयती संघटना, वर्गणीची शिस्त आणि नेतृत्व होतं. स्वातंत्र्यानंतर राजद्रोहाच्या खटल्यात बीबी तीतींना जन्मठेप झाली. १९७२ मध्ये त्या सुटल्या, आणि पुढे बरीच वर्षं त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं. १९८० च्या दशकात सुझन गायगर या अमेरिकी इतिहासकार बाईंनी त्यांच्याशी आणि त्यांच्या बरोबरीच्या कार्यकर्त्यांशी स्वाहिलीत बसून दीर्घ मुलाखती केल्या. टानूची चळवळ शिकलेल्या पुरुषांनी उभी केली, ही समजूत त्या मुलाखतींनी पार बदलली. आज दार-एस-सलाममध्ये त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे.

आफ्रिकेतल्या बायकांनी स्वतः लिहिलेलं काही आहे का, की सगळं बोललेलंच?

आहे, आणि भरपूर आहे. उत्तर नायजेरियातल्या सोकोटोच्या नाना अस्माऊ (१७९३–१८६४) अरबी, फुलफुल्दे आणि हौसा या तीन भाषांत लिहीत. धर्म, राजकारण, लढाया, मैत्रिणींच्या मृत्यूवरचे विलाप असं त्यांचं लेखन आहे. त्याहून मोठं काम म्हणजे ‘यान तारू’ ही बायकांच्या शिक्षणाची चळवळ. खेड्यापाड्यांतल्या बायकांना शिकवण्यासाठी त्यांनी शिक्षिका तयार केल्या. या शिक्षिकांना ‘जाजी’ म्हणत आणि ओळखीची खूण म्हणून त्यांना गवताची विणलेली मोठी टोपी मिळे. जाजी बायकांचे जथे घेऊन सोकोटोला येत, कविता पाठ करत आणि गावी परत जाऊन शिकवत. सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात शिकवायला सुरुवात केली तेव्हा सोकोटोत हे चालू होतं.

हे कागद हरवले नव्हते. सोकोटोच्या वझीर घराण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. वझीर जुनैदू यांच्या मदतीने जीन बॉइड यांनी ते अभ्यासकांपुढे आणले. ज्यांच्या घरात कागद होते त्यांना त्याची किंमत ठाऊकच होती, बाहेरच्यांनी विचारलं उशिरा. सोकोटोच्या त्या राज्यात गुलामी होती हेही नाना अस्माऊंबद्दल लिहिताना लिहायला हवं.

सगळीकडे राण्या आणि वीरांगनाच का दिसतात?

कारण त्यांची गोष्ट सांगायला सोपी जाते. अंगोलाची न्झिंगा (१५८३–१६६३) घ्या. १६२२ मध्ये ती लुआंडाला पोर्तुगीज गव्हर्नरकडे वाटाघाटीला गेली. त्याच्यासाठी खुर्ची, तिच्यासाठी जमिनीवर अंथरलेली चटई. तिने आपल्या दासीला ओणवं व्हायला सांगितलं, तिच्या पाठीवर बसली आणि बरोबरीने बोलली. हा प्रसंग सगळे अभिमानाने सांगतात, आणि न्झिंगाचा मुत्सद्दीपणा खरोखर थक्क करणारा होता. चार दशकं तिने पोर्तुगीजांना झुंजवलं. पण त्या खोलीत आफ्रिकी बायका दोन होत्या. जिच्या पाठीवर ती बोलणी झाली तिचं काय? न्झिंगाने युद्धाचा खर्च भागवायला गुलामांचा व्यापारही केला. अटलांटिकपार विकल्या गेलेल्यांत बायका होत्या. दुर्लक्षित इतिहास म्हणायचा तर तो त्या दासीपासून सुरू होतो, असं मला वाटतं.

अहेबी उग्बाबे हीदेखील अशीच, सरळ साच्यात न बसणारी बाई. बापाच्या अपराधाचं प्रायश्चित्त म्हणून तिला देवीला वाहायचं ठरलं, तेव्हा ती कोवळ्या वयात इग्बो मुलखातून पळाली. इगाला देशात तिने देहविक्रय केला, व्यापार केला, भाषा शिकली. इंग्रज आले तेव्हा त्यांना तिचा उपयोग झाला. ती परतली आणि १९१८ मध्ये एनुगू-एझिके इथे वॉरंट चीफ झाली, वसाहतीच्या नायजेरियातली एकमेव स्त्री वॉरंट चीफ. पुढे तिने राजाचा किताबही घेतला. पण जेव्हा तिने स्वतःचा मुखवटा, म्हणजे पूर्वजाचं रूप मानली जाणारी पवित्र सोंगाची परंपरा, सुरू करायचं धाडस केलं, तेव्हा गावातल्या पुरुषांनी तो हिसकावला आणि इंग्रजांनी त्यांचीच बाजू घेतली. बाईने राजा व्हायला हरकत नव्हती, मुखवट्याला होती. आपल्यामागे नीट अंत्यविधी होणार नाही या शंकेने तिने ते जिवंतपणीच उरकून घेतले. १९४८ मध्ये ती वारली. न्वांडो अचेबे या इतिहासकार बाईंनी तिचं चरित्र उभं केलं आहे. ज्या व्यवस्थेविरुद्ध ओलोकोच्या बायका उठल्या, त्याच व्यवस्थेत अहेबी मोठी झाली. दोन्ही इतिहास बायकांचेच आहेत.

सारा बार्टमनबद्दल लिहिताना तिची चित्रं द्यावीत का?

माझं उत्तर स्पष्ट आहे: देऊ नयेत. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई समाजाच्या या तरुणीला १८१० मध्ये केपटाउनहून लंडनला नेऊन तिच्या शरीराचं तिकीट लावून प्रदर्शन केलं गेलं. १८१५ मध्ये ती पॅरिसला वारली. शास्त्रज्ञ क्युव्हिएने शवविच्छेदन केलं आणि तिचे अवशेष १९७० च्या दशकापर्यंत पॅरिसच्या संग्रहालयात लोकांना दाखवले जात होते. नेल्सन मंडेलांनी ते परत मागितले. ऑगस्ट २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हँकी इथे तिचं दफन झालं. तिची जी चित्रं मिळतात ती त्या प्रदर्शनाचाच भाग आहेत.

तिच्या नावावर लंडनच्या कोर्टातली एक जबानी आहे, डच भाषेत घेतलेली. ‘मी राजीखुशीने आले आहे’ असं तीत आहे. ती जबानी देताना तिचं पोट कोणाच्या हातात होतं हे लक्षात ठेवून ती वाचायची.

‘आफ्रिकन स्त्री’ असं एकत्र म्हणणं बरोबर आहे का?

बोलताना चालतं. लिहिताना लोकसमूह, गाव आणि काळ सांगावा. सोकोटोची विदुषी आणि ओपोबोची बाजारकरीण आजच्या नकाशावर एकाच देशात आहेत, तरी त्यांची भाषा, धर्म, राज्यव्यवस्था काहीच जुळत नाही.

फुनमिलायो रॅन्सम-कुटी म्हणजे गायक फेलाची आईच ना?

फेला हा फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांचा मुलगा, असं म्हणा. नैऋत्य नायजेरियातल्या आबेओकुटात त्यांनी शिकलेल्या बायकांचा क्लब बाजारातल्या बायकांसाठी उघडला आणि १९४६ च्या सुमारास त्यातून हजारोंची युनियन उभी राहिली. बायकांवरचा कर आणि त्याची जुलमी वसुली हे मुद्दे होते. राजवाड्यापुढे मोर्चे आणि धरणी चालू राहिली आणि जानेवारी १९४९ मध्ये तिथल्या राजाला, म्हणजे अलाकेला, गादी सोडावी लागली. पुढे तो परतला, पण बायकांवरचा कर गेला होता.

आपला या सगळ्याशी काय संबंध?

महाराष्ट्रात आफ्रिकी माणसं शतकानुशतकं आहेत. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आपण शाळेत शिकतो. त्यांच्या घरातल्या बायका मात्र शिकत नाही. मलिक अंबरने आपली मुलगी मुर्तझा निजामशहाला दिली होती. शहाच्या इराणी बेगमेने तिला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, तिने बापाकडे तक्रार केली आणि अंबरने शहाला विष घालवलं, असं पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी लिहितो. एका राज्याची सत्ता ज्या अपमानावरून फिरली तो जिचा झाला, तिला आपण ‘अंबरची मुलगी’ एवढ्याच ओळखीने वाचतो. गोव्यात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला राहिलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने तिथल्या गुलामांच्या बाजाराचं वर्णन केलं आहे. मोझांबिकहून आणलेल्या मुलीही त्यात होत्या.

दुसरा धागा दक्षिण आफ्रिकेचा. १९१३ मध्ये ब्लूमफाँटेनच्या कृष्णवर्णीय बायकांनी सक्तीचे पास, म्हणजे सतत जवळ बाळगायचे परवाने, नाकारले आणि त्या तुरुंगात गेल्या. गांधीजींच्या ‘इंडियन ओपिनियन’ने त्याची दखल घेतली. हिंदी बायका सत्याग्रहात उतरल्या त्या त्याच वर्षी, काही महिन्यांनी. हा क्रम आपल्याकडे फार क्वचित सांगितला जातो.

राहिला विसरण्या-सापडण्याचा अनुभव. तो आपल्याकडेही आहे. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापलं गेलं आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा काढेपर्यंत जवळजवळ कोणाच्या वाचनात नव्हतं.

मराठीत या विषयावर लेख किंवा विकिपीडियावर नोंद लिहायची आहे. काय सांभाळावं?

पहिल्या वाक्यात बाईचं स्वतःचं नाव आणि काम यावं, नवरा-मुलगा नंतर. उच्चार त्या भाषेच्या माणसाकडून ऐकून देवनागरीत उतरवावा. इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने लिहू नये. जे अवतरण द्याल ते कोणी, कोणत्या भाषेतून, कोणत्या प्रसंगी नोंदलं ते तिथेच लिहावं. दंतकथा जरूर द्यावी, पण ती लोक अशी सांगतात म्हणून द्यावी.

आणि चित्रांच्या ओळी नीट लिहाव्यात. न्झिंगाचं जे मुकुटातलं रंगीत चित्र सगळीकडे फिरतं ते अशील देव्हेरिया या फ्रेंच चित्रकाराने १८३० च्या दशकात, तिच्या मृत्यूनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी, कल्पनेने काढलेलं आहे. ते वापरायचं असेल तर खाली चित्रकाराचं नाव आणि साल द्यावं.